ओसरीवरून : ‘ऋण एक’चें जग

ज्यानें तीस-पस्तीस वर्षें परक्या मुलांच्या वह्यांवर लाल शाईनें चुका दाखविल्या, त्यास स्वतःची चूक कबूल करावयाची वेळ आली म्हणजे लेखणी अंमळ अडखळतेच. पण या ओसरीवर बसून आम्हीं आजवर पुष्कळांचे कान धरले. आतां कोणीं आमचा धरला तर कुरकुर करावयास जागा नाहीं.

गोष्ट १९९५ च्या उन्हाळ्यांतली. आमचा थोरला मुलगा त्या वेळीं अकरा वर्षांचा होता. परीक्षा आटोपतांच बडनेऱ्यास गाडींत बसून मामाकडे अकोल्यास जावयाचें, हा त्याचा दर वर्षींचा क्रम. त्या वर्षीं मामांनीं घरांतल्या मुलांसाठीं टीव्हीस जोडावयाचा व्हिडिओ गेमचा डबा आणला होता. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्राची ती नक्कल. तसल्या नकला त्या दशकांत आपल्याकडील बाजारांतही सर्रास मिळत. डब्यांत वरून कॅसेट खोंचावयाची. कॅसेटवर ‘९९९९९९ खेळ’ असें ठळक छापलेलें, आणि आंत पाहावें तों मोजकेच खेळ निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून देऊन आंकडा फुगविलेला! अतिशयोक्ति अलंकार शिकवितांना हें उदाहरण आम्हांस ठाऊक नव्हतें याचें वाईट वाटतें.

सुटी संपवून चिरंजीव परत आले ते एक अद्भुत वार्ता घेऊन. “अण्णा, मारिओच्या खेळांत मायनस एक नांवाचें जग आहे. भिंतींतून आरपार जावें लागतें. तिकडे नुसतें पाणीच पाणी, आणि तें संपतच नाहीं.”

आम्हीं विचारलें, “जगें किती?” तो म्हणाला, “आठ.” “मग एकाच्या अलीकडचें जग आलें कोठून? आणि भिंतींतून माणूस जातो कसा?” त्यास उत्तर देतां येईना; पण “मीं डोळ्यांनीं पाहिलें” हें पालुपद तो सोडीना. आम्हीं त्यास खोटें बोलणारा ठरविलें, ‘खोटें बोलूं नये’ हें वाक्य शंभर वेळां लिहावयास लाविलें, आणि त्या दिवाळींत अकोल्यास जाणें बंद केलें. आमच्या सासुरवाडीस या निकालावर काय टीका झाली, ती येथें देण्याचें कारण नाहीं.

वाचकहो, तें जग खरोखरच आहे.

यंदाच्या दिवाळींत मुलगा सहकुटुंब अमरावतीस आला. तो आतां संगणकाच्याच व्यवसायांत आहे, आणि त्याचा मुलगा अकरा वर्षांचा. नातवानें तोच जुना खेळ कोठूनसा मिळवून माजघरांतल्या टीव्हीवर लाविला, आणि आमच्या देखत मारिओ भिंतींत शिरला. आम्हीं चष्मा पुसला. त्यानें पुन्हां करून दाखविलें. मग आम्हीं मुलास जवळ बसवून कारण विचारलें. त्या खेळाची आज्ञावली हौशी मंडळींनीं ओळीओळीनें उकलून ठेविली आहे. त्यामुळें जी गोष्ट त्यास १९९५ सालीं सांगतां येत नव्हती, ती आतां तो नीट सांगूं शकला.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीनें १९८५ च्या सप्टेंबरांत काढला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख रचनाकार. सारा खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. आजकाल मोबाइलवर सकाळीं जें ‘सुप्रभात’चें चित्र येतें, त्यासही बहुधा याहून अधिक जागा लागते. काटकसर इतकी कीं, आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप हें एकच चित्र. एकास पांढरा रंग, दुसऱ्यास हिरवा. आमची आई एकाच ताग्यांतून उशांचे अभ्रे आणि खिडक्यांचे पडदे काढी, त्याची आठवण झाली.

तर पहिल्या जगाचा दुसरा टप्पा भुयाराचा. त्याच्या शेवटीं एक गुप्त दालन असून त्यांत तीन नळ आहेत. त्यांवर ४, ३, २ असे आंकडे. ज्या नळांत उतरावें त्या जगांत मारिओ पोंचतो. दालनाकडे जाण्याची सरळ वाट छतावरून. पण बाहेर पडण्याच्या नळावर उभें राहून, भिंतीलगतची एक वीट शाबूत ठेवून, खालीं बसून नेमकी मागें उडी घेतली, तर मारिओचें अंग विटेंत अडकतें. घन वस्तूंत कोणी असूं नये एवढेंच यंत्रास माहीत. तें त्यास पुढें ढकलूं लागतें, आणि ढकलतां ढकलतां भिंतीपार करतें. द्वारपालानेंच चोरास आंत लोटून द्यावें, तसा प्रकार!

खरी मौज पुढें आहे. दालनांतल्या नळांवर कोणते आंकडे हें यंत्र आगाऊ ठरवीत नाहीं. पडदा विवक्षित ठिकाणापर्यंत सरकल्यावरच तें नोंद करतें. भिंतींतून आलेला मारिओ त्याआधींच नळापाशीं उभा! तेव्हां यंत्र हातीं असेल ती नोंद घेतें, आणि ती असते चौथ्या जगांतल्या दुसऱ्या एका दालनाची. तेथें नळ एकच, मधला, पांचव्या जगाचा. त्याच्या दोहों बाजूंस कांहींच नाहीं.

आतां ‘कांहींच नाहीं’ हेंही यंत्रास आंकड्यांतच सांगावें लागतें. आपल्याकडे कटपयादि पद्धतींत अक्षरांवरून आंकडे काढीत. येथें आंकड्यांवरून अक्षरें. ० ते ९ हीं चिन्हें म्हणजे तेच अंक, १० ते ३५ म्हणजे इंग्रजीचीं सव्वीस अक्षरें, आणि कोरी जागा म्हणजे ३६. मारिओ कडेच्या नळांत उतरतो, यंत्र नोंद पाहतें : ३६. आठ जगांच्या खेळांत छत्तिसावें जग कसलें, असा प्रश्न त्यास पडत नाहीं. तें निमूटपणें यादीच्या पलीकडे बोट ठेवतें. तेथें दुसऱ्याच कामासाठीं लिहिलेले जे आंकडे सांपडतात, त्यांवरून पाण्याचा एक टप्पा उघडतो. तो दुसऱ्या व सातव्या जगांतल्या पाण्यासारखाच. फक्त त्याच्या अखेरचा नळ पुन्हां आरंभींच आणून सोडतो. घड्याळ संपेपर्यंत पोहत राहावें. (१९८६ सालीं जपानांत चकतीवर निघालेल्या आवृत्तींत हेंच जग निराळें असून तें तीन टप्प्यांनीं संपतें.) पडद्यावर मात्र ३६ चें चिन्ह, म्हणजे कोरी जागा, उमटते, मग नेहमीची आडवी रेघ, मग टप्प्याचा १. कोरें, रेघ, एक. मुलांनीं तें ‘मायनस एक’ असें वाचलें.

म्हणजे ऋण एक असें जग नाहीं, हें आमचें म्हणणें खरें. आणि तें पडद्यावर दिसतें, हें मुलाचें म्हणणेंही खरें. बापलेकांमध्यें त्या उन्हाळ्यांत जो छत्तिसाचा आंकडा पडला, तो अक्षरशः छत्तिसाचाच होता.

आम्हांस लागलें तें निराळ्याच कारणानें. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आम्हीं किती मुलांकडून घोकून घेतला! त्यांत प्रमाणें चार, आणि प्रत्यक्ष पहिलें. मुलानें प्रत्यक्ष सांगितलें. आम्हीं घरीं बसल्या अनुमानानें तें खोडून काढलें. अकोल्याचें अंतर रेल्वेनें दोन तासांचेंही नाहीं. जाऊन पाहतां आलें असतें.

या विषयाची गोडी लागल्यावर आम्हीं मुलास आणखी पुष्कळ विचारलें. खरा ऋण अंक खेळांत दुसरीकडे दडलेला आहे. तिसऱ्या जगांत पायऱ्यांवर एका कासवावर एकसारख्या उड्या मारून ‘लाइफ’ वाढवितां येतात. पण १२७ च्या बरेंच पुढें गेलें म्हणजे यंत्राचा हिशेब त्या संपत्तीस कर्ज समजतो, आणि पुढच्या पहिल्याच मरणास खेळ आटोपतो. त्याच मारिओच्या १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळांत बाविसाव्या पातळीपुढें कोणास जातां येत नाहीं. तेथें वेळ ठरविण्यासाठीं पातळीस दहानें गुणून चाळीस मिळवितात. बाविसाव्या पातळीस होतात २६०. यंत्राच्या घागरींत २५५ च मावतात. २५६ होतांच ती रिकामी होते आणि उरतात ४. बिचारा मारिओ चढण्यापूर्वींच वेळ संपते. रचणाऱ्यास इतक्या दूर कोणी येईल असें वाटलें नसावें.

कांहीं गोष्टी मात्र मुद्दाम दडविलेल्या असतात. अमेरिकेंतील अटारी कंपनी खेळावर रचणाऱ्याचें नांव घालीत नसे. आपल्या संतांस अभंगाच्या शेवटच्या चरणांत नांव घालावयास कोणाची परवानगी लागली नाहीं. वॉरेन रॉबिनेट या गृहस्थास तें चोरून करावें लागलें. ‘ॲडव्हेंचर’ नांवाच्या खेळांत त्यानें एक गुप्त खोली केली, आणि तिच्यांत आपलें नांव लिहून ठेवलें. वरिष्ठांस पत्ता नाहीं. तो नोकरी सोडून गेल्यावर एका शाळकरी मुलानें ती खोली शोधून कंपनीस पत्रानें कळविलें. कंपनीनें त्या पोराचें पत्र खरें मानून तपास केला, आणि खोली निघाली. हें ऐकून आम्ही थोडा वेळ गप्प बसलों.

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं आम्हीं मुलास म्हटलें, “त्या वेळीं तूं खरें बोलत होतास. तुझी दिवाळी आम्हीं उगाच बुडविली, आणि शंभर ओळी लिहवून घेतल्या, त्या वेगळ्याच.”

तो हंसला नाहीं. म्हणाला, “शंभर नव्हत्या, अण्णा. दोनशें होत्या.”

सौभाग्यवतींनीं स्वयंपाकघरांतून दुजोरा दिला. म्हणजे चूक येथेंही आमचीच. मग नातवानें दोन्ही बटणांचा तो चपटा रिमोट आमच्या हातीं दिला. “आजोबा, आधीं खालीं बसवा, मग उडी. आणि उजवीकडे दाबूं नका!” आमचीं बोटें खडू धरण्याचीं, पहिल्या वीसेक प्रयत्नांत मारिओ विटेवर डोकें आपटून परत आला. मुलगा शेजारीं येऊन बसला, आणि आमचा आंगठा हातानें धरून त्यानें वेळ साधून दिली. मारिओ भिंतींत गेला. नळ, कोरी जागा, रेघ, एक. मग पाणी.

आंतून हांक आली, “पानें वाढलीं आहेत.”

आम्हीं म्हटलें, “एवढें संपलें कीं येतोंच.”

नातू म्हणाला, “आजोबा, तें संपतच नाहीं.”