जोकरला घाबरायचं कशाला?

दिवाळीच्या तोंडावर नातू मागे लागला, आजी, पार्कातलं सर्कशीचं भूतघर बघायला चल. आत काळोख, धूर, तंबूच्या फाटक्या पट्ट्या आणि करवत घरघरवत अंगावर येणारा लाल नाकाचा जोकर. पोरं किंचाळत होती. मला जोकरच्या पायातल्या रबरी सपाता दिसल्या नि हसूच फुटलं.

ही भीती आयात केलेली. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कने हॅलोविनसाठी जॅक नावाचा खुनी विदूषक आणला तो २००० साली. आमचा जोकर झुल्यावरून जाळीत आपटायचा, त्याची विजार सुटायची आणि अख्खा तंबू हसायचा. तसं आधी पोट धरून हसलेल्यालाच बिघडलेल्या जोकरची धास्ती वाटणार. नातवाने सर्कस पाहिलेलीच नाही. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभारली, हेही त्याला माझ्याकडूनच कळलं. कायद्याने वाघ-सिंह रिंगणातून गेले, ते बरंच झालं. पण मागोमाग प्रेक्षकही पांगले.

आणि आमच्या बडोद्यात घरच्या भीतीला काय तोटा? दिवाळीतल्या काळी चौदसच्या संध्याकाळी आमची गुजराती शेजारीण चौकात वडे ठेवते, भोवती पाणी फिरवते आणि मागे वळून न बघता झपाझप घरी येते. घरातला ककळाट, म्हणजे भांडणतंटा, बाहेर काढायचा असतो. त्या चौकातून रात्री चालत जाताना भलेभले वड्याला वळसा घालतात. पार्कवाल्यांनी असा एक अंधारा चौक उभा करावा. तिकीट मी आनंदाने काढीन.