टायर घेताना कानालाही विचारा

दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून सेलूला आला तो नवी स्पोर्ट्स गाडी घेऊन. लाल रंग, जमिनीला टेकलेले अंग आणि बैलगाडीच्या धावेला लाजवतील असे रुंद, बसकट टायर. गल्लीतली पोरे दोन दिवस गाडीभोवतीच होती. गतिरोधक आला की मात्र पुतण्याचा जीव वर-खाली होई. परत जाताना तो म्हणाला, "काका, चला, तुम्हाला छत्रपती संभाजीनगरला सोडतो." मलाही डोळे तपासून घ्यायचेच होते, म्हणून निघालो.

जालन्याजवळ समृद्धी महामार्गाला लागलो आणि गाडीत एकसारखी घरघर सुरू झाली. पुतण्याने गाण्यांचा आवाज वाढवला. मग मी बोललेले त्याला ऐकू येईना, म्हणून मी ओरडू लागलो. "इंजिनाचा आवाज आहे काका, स्पोर्ट्स गाडी म्हटल्यावर तो असायचाच," असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, "जरा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ बघू." पाय काढताच इंजिन गप्प झाले, घरघर मात्र तशीच राहिली. तो आवाज टायरचा होता. उतरलो तेव्हा माझ्या कानात रातकिडे ओरडत होते आणि डोके जड झाले होते.

वाचकहो, आरोग्याच्या सदरात टायर कुठून आले, असे आपण म्हणाल. पण आवाज हा आरोग्याचाच विषय आहे. अंतर्कर्णात केसांसारखे टोक असलेल्या हजारो नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पंचाऐंशी डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढणे ही कानाच्या सहनशक्तीची सीमा मानली जाते. त्यापुढे दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. टायरचा आवाज बहुधा एवढा मोठा नसतो, हे खरे. पण तो झाकण्यासाठी आपण गाणी लावतो आणि ती गाणी कानाला सीमेपलीकडे नेतात. शिवाय तासन्‌तास चाललेली घरघर चालकाला थकवते. थकलेला चालक म्हणजे काय, हे महामार्गावरून जाणाऱ्याला सांगायला नको.

रस्त्याकडेच्या घरांत राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. माझ्या दवाखान्यात असे लोक येतात. "डॉक्टरसाहेब, आम्हाला आवाजाची सवय झाली आहे," असे ते सांगतात. मनाला सवय होते, शरीराला पूर्ण होत नाही. झोपेत डोळे मिटतात, कान उघडेच राहतात. गाडी गेली की नाडी वाढते, झोप उथळ होते आणि माणसाला सकाळी त्याची आठवणही नसते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी मार्गदर्शन करताना रस्त्यावरील वाहतुकीचा आवाज सरासरी 53 आणि रात्री 45 डेसिबलच्या आत असावा, असे म्हटले. आपल्याकडील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे.

आता टायर आवाज करतो तरी कसा? टायरवरच्या नक्षीचे ठोकळे रस्त्यावर एकामागून एक आपटतात. खाचांत कोंडलेली हवा दाबली जाऊन फसकन बाहेर पडते. टायर आणि रस्ता यांच्यामधल्या पाचरीसारख्या जागेत हा आवाज कर्ण्यातल्यासारखा मोठा होतो. ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेग गेला की चांगल्या स्थितीतल्या मोटारीत इंजिनापेक्षा टायरच जास्त बोलतात. वेग दुप्पट झाला की हा आवाज साधारण दहा डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला तो दुप्पट वाटतो. डांबरी रस्त्यापेक्षा आडव्या रेघा मारलेल्या काँक्रीटवर तो अधिक जाणवतो.

टायर जितका रुंद, तितका आवाज जास्त. युरोपच्या नियमातच 185 मिलिमीटरपर्यंतच्या मोटारीच्या टायरला 70 डेसिबलची मर्यादा आहे, तर 275 पेक्षा रुंद टायरला 74 ची सवलत आहे. त्यामुळे केवळ दिसायला छान म्हणून कंपनीने दिलेल्या मापापेक्षा रुंद टायर बसवणे म्हणजे पैसे देऊन आवाज विकत घेणे होय. चिखलासाठी केलेले मोठ्या ठोकळ्यांचे टायर शेताच्या वाटेवर उपयोगी, पण रोज डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या जीपला ते कशाला हवेत? ज्याच्या मधोमध अखंड पट्टी आहे, ज्याचे ठोकळे लहान आणि कमी-अधिक मापाचे आहेत, तो टायर शांत चालतो. ठोकळे असमान असले की एकच सूर लागत नाही आणि कानाला त्रास कमी होतो.

परदेशी टायरवर कधीकधी एक लेबल असते. त्यावर आवाज डेसिबलमध्ये दिलेला असतो आणि शेजारी ए, बी, सी यांपैकी एक अक्षर असते. ए म्हणजे सर्वांत शांत. मात्र हा आवाज ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने, इंजिन बंद ठेवून, गाडीबाहेर मोजलेला असतो. आतल्या माणसाला काय ऐकू येईल, ते तो सांगत नाही. तरी तो शेजाऱ्यांच्या झोपेचा हिशेब आहे आणि तोही महत्त्वाचा आहे.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगेन. शांततेसाठी ओल्या रस्त्यावरची पकड सोडू नका. ब्रेक लागला नाही तर कान वाचवून काय करायचे? मूळ टायरइतकीच भार आणि वेगाची क्षमता नव्या टायरची असलीच पाहिजे. त्यानंतर पकड पाहावी आणि मग आवाज. पण आज दुकानात आपण भाव, टिकाऊपणा आणि रुबाब एवढेच विचारतो. आवाजाचा प्रश्न यादीतच नसतो, याला माझा आक्षेप आहे.

नवे टायर घेण्याची ऐपत नसेल तरी बरेच करता येते. हवा थंड टायरमध्ये, गाडीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग वेळच्या वेळी करावे. नाहीतर टायर एका बाजूने करवतीसारखा झिजतो आणि गुणगुणू लागतो. मोटारीच्या टायरची खाच 1.6 मिलिमीटरपेक्षा उथळ झाली की तो कायद्यानेही बाद ठरतो. आणि अचानक सुरू झालेला आवाज हा रोगाच्या लक्षणासारखा समजावा. रस्ता बदलला की बदलणारा आवाज बहुधा टायरचा असतो, वळणावर कमी-जास्त होणारा बहुधा बेअरिंगचा. दुसऱ्या आवाजाला गाण्यांनी झाकू नका, मेकॅनिककडे जा. खोकला झाला म्हणून रेडिओ मोठा करणारा रोगी मी अजून पाहिलेला नाही.

आपल्या सेलूत स्पोर्ट्स गाड्या कितीशा असणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. आपला मोठा त्रास फाडलेल्या सायलेन्सरच्या मोटारसायकली आणि कर्कश हॉर्न यांचा आहे. सायलेन्सर बदलून आवाज वाढवणे हा गुन्हाच आहे. पण सवय एकच आहे. आपला आवाज दुसऱ्याला ऐकू गेलाच पाहिजे, ही ती सवय. टायर निवडताना ती सोडता आली, तर सायलेन्सरचेही जमेल.

पुतण्याचे टायर झिजत आले होते आणि त्याला आणखी रुंद घ्यायचे होते. आम्ही रस्ताभर त्यावर वाद घातला, तोही ओरडून. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. त्याने मूळ मापाचेच, पण शांत नक्षीचे टायर बसवले आहेत. "काका, आता तुमचे बोलणे गाडीत ऐकू येईल," तो म्हणाला. मी म्हटले, "ऐकू येणे महत्त्वाचे. ऐकायचे की नाही, ते तू ठरव."