दानाचे फुप्फुस, विकतची लस

2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, महाराष्ट्र शासनाने कोरोनाचे सर्व निर्बंध उठविले आणि मुखपट्टी ऐच्छिक केली. दोन वर्षे कोंडलेल्या जनतेने सुटकेचा निःश्वास टाकला, यात गैर काही नव्हते. परंतु ज्यांच्यावर फुप्फुसाचे प्रत्यारोपण झाले होते अशा साठीच्या आतील सामान्य रुग्णांना त्या दिवशी लसीची तिसरी मात्रा मिळण्याची सोय नव्हती. ज्यांना गरज सर्वाधिक, तेच रांगेबाहेर!

ही गरज काल्पनिक नव्हे. शरीराने परका अवयव झिडकारू नये म्हणून या रुग्णांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी औषधे आजन्म घ्यावी लागतात. ही औषधे प्रतिकारशक्तीच दडपतात. शिवाय फुप्फुसाचा बाहेरच्या हवेशी श्वासागणिक संबंध येतो. म्हणून विषाणूचा घाव बसतो तो नेमका लाभलेल्या अवयवावर. लसही अशा शरीरात दुबळी ठरते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2021 साली विविध अवयवांचे प्रत्यारोपण झालेले 658 जण तपासले. त्यांतील 301 जणांच्या रक्तात दोन मात्रांनंतरही प्रतिपिंडे आढळली नाहीत. पॅक्सलोविड हे औषध द्यावे, तर त्यातील रिटोनाव्हिर टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत वाढविते.

केंद्र शासनाला हे ठाऊक नव्हते काय? 1 मार्च 2021 रोजी 45 ते 59 वयोगटातील सहव्याधिग्रस्तांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांचा त्या यादीत समावेश होता. ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकेने अवयव-प्रत्यारोपितांसाठी तिसरी मात्रा मान्य केली. ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने तशीच शिफारस केली. तरीही 10 जानेवारी 2022 पासून ‘दक्षता मात्रा’ मिळाली ती आरोग्यसेवक, आघाडीवरील कर्मचारी आणि साठीवरील सहव्याधिग्रस्त यांनाच. तीही दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिन्यांनी. इतरांसाठी 10 एप्रिलला दार उघडले ते खासगी केंद्रांचे : लसीचे 225 रुपये आणि वर 150 रुपयांपर्यंत सेवाशुल्क. मोफत मात्रेसाठी 15 जुलै उजाडावा लागला आणि ती सवलतही 75 दिवसांचीच होती. गरजेचा निकष वयाने हिरावला, वयाचा निकष पैशाने.

काही पुरोगामी मंडळीही म्हणतात की, फुप्फुस-प्रत्यारोपण हे मूठभर धनिकांचे प्रकरण. त्याची चिंता कष्टकऱ्यांच्या पक्षाने का वाहावी? हा युक्तिवाद वरवर क्रांतिकारक, परंतु मुळात आंधळा आहे. दगडखाणीतील धुळीने ज्याची फुप्फुसे निकामी झाली, त्या मजुराला हा उपचार परवडत नाही, हा व्यवस्थेविरुद्धचा पुरावा आहे, रुग्णाविरुद्धचा नव्हे. शिवाय 1994 च्या कायद्याने अवयवांचा व्यापार निषिद्ध आहे. मृत दात्याचे फुप्फुस एखादे शोकाकुल कुटुंब मोबदल्याविना देते, ते समाजाने समाजाला दिलेले दान असते. ते दान जपण्याची वेळ येताच शासनाने रुग्णाला बाजाराचा रस्ता दाखवावा, ही दात्याचीही विटंबना होय. आणि मूत्रपिंड-प्रत्यारोपित, कर्करोगावर औषधोपचार घेणारे अशा कितीतरी जणांची स्थिती याच जातीची आहे.

मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र संपलेला नाही. म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. पुढील कोणत्याही साथीत लसीचा अग्रक्रम वैद्यकीय गरजेवर ठरावा. प्रतिकारशक्ती दडपलेल्या रुग्णांची नोंद जिल्हावार ठेवली जावी. त्यांची आजन्म लागणारी औषधे आणि लस सार्वजनिक रुग्णालयांतून मोफत मिळावी. आणि रुग्णालयांत मुखपट्टी व खेळती हवा यांचे नियम साथीबरोबर गुंडाळले जाऊ नयेत. ज्याचे शरीर स्वतःचे रक्षण करू शकत नाही, त्याचे रक्षण भोवतालच्या समाजानेच करावयाचे असते. आरोग्य ही खासगी मिळकत नव्हे, हे सिद्ध करण्यास याहून उघड उदाहरण कार्यकर्त्यांना शोधावे लागणार नाही.