मुलगा आखातात, सातबारा गावात



या सदरात आपण नेहमी खते, बियाणे आणि रोग-किडी यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे, पण बांधापासून लांबचा नाही.

गेल्या वैशाखात खेड तालुक्यातल्या एका गावी काजूची कलमे पाहायला गेलो होतो. कलमे पाहून झाली, पडवीत गूळपाणी झाले, आणि घरधन्यांनी हळूच विचारले, "साहेब, लगतची चौदा गुंठे वरकस विकायला निघालीय. आमचा थोरला मस्कतला आहे. पैसे तोच पाठवणार. त्याच्याच नावानं खरेदी करून टाकतो. उद्या इसार द्यायचा आहे."

मी म्हटले, "काका, उद्याचा इसार थांबवा. आधी माझे ऐका."

जे त्यांना सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो. कारण आज कोकणातच काय, घाटावरही अनेक घरांतला एखादा मुलगा परमुलखात आहे.

नोकरीसाठी परदेशी गेलेला मनुष्य परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे १९९९ च्या फेमा कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. भारताचा नागरिक असला, सातबाऱ्यावर त्याचे नाव आधीपासून असले, तरीही अनिवासी असताना त्याला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. गावात राहता येण्याजोगे घर, बिगरशेती प्लॉट किंवा शहरातली सदनिका तो घेऊ शकतो. परदेशी जाण्यापूर्वी घेतलेली जमीन त्याची त्याच्याकडेच राहते. वारसाहक्काने आलेली शेतजमीनही त्याला मिळते. बंदी आहे ती नव्या खरेदीला. नियम मोडला तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. घाम गाळून कमावलेले पैसे असे कशाला घालवायचे?

काका म्हणाले, "मग माझ्या नावावर घेतो. जमीन त्याचीच, नाव फक्त माझे."

इथेही सांभाळायला हवे. खरा मालक एक आणि कागदावर दुसरा, असा व्यवहार बेनामी ठरू शकतो. मुलाने बापाला पैसे खरोखरच बक्षीस दिले, ते बँकेतून आले आणि बापाने स्वतःसाठी जमीन घेतली, तर ती गोष्ट वेगळी. पण मग ती जमीन बापाची झाली. बापाच्या मागे ती साऱ्या वारसांची, धाकट्याची आणि लेकींचीही. हे आधी बोलून ठेवले नाही, तर पुढे भावाभावांत कोर्टकचेरी ठरलेली. तिसरा मार्ग असा, की मुलाने पैसे साठवावेत आणि नोकरी सोडून कायमचा गावी परतल्यावर स्वतःच्या नावाने जमीन घ्यावी.

आता पैशांविषयी. मुलगा परदेशी गेला की त्याचे इथले जुने बचत खाते जसेच्या तसे ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खाते करून घ्यावे लागते. इथले उत्पन्न, म्हणजे आंब्याचे पैसे, घरभाडे, या खात्यात जमा करावे. तिकडची कमाई ठेवायला एनआरई खाते उघडावे. एनआरई खात्याच्या व्याजावर आपल्याकडे आयकर नाही, आणि रक्कम पुन्हा परदेशी नेता येते. एनआरओच्या व्याजातून मात्र ३० टक्के कर कापला जातो. घरखर्चाचे पैसे आईवडिलांच्या खात्यावर बँकेतून किंवा अधिकृत एक्स्चेंजमधून पाठवावेत. हुंडीवाला दोन पैसे जास्त देतो म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये. पैसे बुडाले तर तक्रार करायला कागद नसतो, आणि व्यवहारच बेकायदा असल्याने तोंड उघडायचीही सोय राहत नाही.

पासपोर्टाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. मोठ्या माणसाचा पासपोर्ट १० वर्षे चालतो, पण अनेक देश निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. म्हणून मुदत संपायच्या वर्षभर आधीच तारखेवर नजर ठेवावी. नूतनीकरण तिकडच्या भारतीय दूतावासामार्फत होते, त्यासाठी गावी यावे लागत नाही. पासपोर्ट ज्याचा त्याने जवळ बाळगावा, मालकाकडे गहाण पडल्यासारखा ठेवू नये. हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत नोंद करावी, मग दूतावास गाठावा. पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीचा करार यांच्या नकला घरच्या ट्रंकेत ठेवाव्यात. मुलाच्या मालकाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक त्याच्या आईलाही ठाऊक असावा.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ईसीआर अशी नोंद असते. अशा माणसाला ओमान, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, बहारीन, संयुक्त अरब अमिराती अशा १८ देशांत नोकरीला जाताना सरकारी प्रवासी संरक्षक कचेरीची परवानगी घ्यावी लागते. ती घेताना प्रवासी भारतीय विमा योजनाही घ्यावी लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, ते घरी विचारून घ्या. एजंट सरकारी नोंदणीचाच असावा. त्याची फी ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, यापुढे जाता कामा नये, आणि पावती घ्यावीच. लाखाच्या गोष्टी करणाऱ्याच्या नादी लागून जमीन गहाण टाकू नका. फिरायच्या व्हिसावर पाठवून "तिथे गेल्यावर बघू" म्हणणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. तसा गेलेला मुलगा तिथे गुन्हेगार ठरतो आणि पगार बुडाला तरी दाद मागायला कचरतो.

शेवटचा कागद मुखत्यारपत्राचा. दूर असलेल्या मुलाची सही हवी असेल तर त्याने भारतीय दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करून घ्यावे. ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ज्या कामासाठी हवे तेवढ्यापुरतेच लिहावे. सगळे अधिकार एकाच कागदात देऊन टाकू नयेत, मग तो सख्खा भाऊ का असेना. लिहून देणारा वारला की त्याचा अंमल संपतो, हेही ध्यानात असावे. घरातले कोणी गेले, तर तलाठ्याकडे वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यावी आणि तीत परदेशातल्या मुलाचे नाव गाळू नये. तो इथे नाही म्हणून त्याचा हक्क जात नाही.

काकांनी त्या रात्री मस्कतला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दोन्ही लेकींना आणि धाकट्याला बोलावून घेतले. जमीन घ्यायची तर ती बापाची, पुढे चौघांची, असे सर्वांसमक्ष सांगितले. थोरला एक दिवस गप्प राहिला. घाम त्याचा होता, त्याला वाईट वाटणे साहजिक होते. मग त्याचाच फोन आला, "बाबा, तुमच्या नावानं घ्या. माझ्यासाठी मी परत आल्यावर बघू." पैसे बँकेतून आले, खरेदीखत काकांच्या नावाने झाले. या पावसाळ्यात त्या चौदा गुंठ्यांत काजू लावायचा बेत आहे. खड्डे मी आखून दिले आहेत.

तुमच्याही घरचे कोणी बाहेर असेल, तर आज रात्री त्याला फोनवर खुशाली विचाराल तेव्हा पासपोर्टची मुदत, विमा आणि बँकेचे खाते या तीन गोष्टीही विचारा.

पुढच्या अंकी भाताच्या रोपवाटिकेविषयी बोलू.