पॉइंटांवरची परदेशवारी आणि ऊसबिल



गेल्या महिन्यात एक जुने सभासद आमच्याकडे आले. हातात रंगीत कागद, त्यावर आयफेल टॉवर. म्हणाले, "भाऊ, पोरानं नागपूरला सुट्टीची मेंबरशिप घेतली होती. तीन वर्षांचे पॉइंट साचले आहेत जी. कंपनीवाले म्हणतात, त्यावर नवराबायकोची १८ दिवसांची युरोपची सहल होते. उरलेले पैसे ऊसबिलातून कापून द्याल का?" आम्ही त्यांना थोडे थांबायला सांगितले. त्यानंतर आणखी दोघा-तिघांनी हेच विचारले. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

आधीच सांगतो, प्रवासाला आमचा विरोध नाही. आपले आजे-पणजे गोंदिया जंक्शनवरून शिधा बांधून काशीला जातच होते. आज मराठी माणसाला परदेशही परका राहिला नाही. १९८४ साली 'केसरी' निघाली, २०१३ साली 'वीणा वर्ल्ड' निघाली. सोबत मराठी बोलणारा माणूस असतो, म्हणून इंग्रजी न येणारी माणसेही आल्प्सचा बर्फ पाहून आली. शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यासाठी राज्याच्या कृषी विभागाची अनुदानाची योजना आहे. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाने जग पाहू नये, असे कोण म्हणेल? प्रश्न सहलीचा नाही, ती पॉइंटांवर घेण्याचा आहे.

पॉइंट ही चीज मुळात काय आहे? १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापीमॅग नावाची कंपनी निघाली. लोकांनी तिचे शेअर घ्यायचे, त्या पैशातून कंपनीने सुट्टीची घरे बांधायची आणि भागधारकांना दरसाल पॉइंट द्यायचे. तेवढ्या पॉइंटांवर त्या घरांत राहायचे. आपल्या कारखान्यासारखेच म्हणा ना! पण आपल्याकडे जी मेंबरशिप विकली जाते, तिच्यात बहुधा शेअर नसतो, सभेत मत नसते आणि हिशेब विचारण्याचा हक्कही नसतो. असतो तो फक्त ठरावीक वर्षे, ठरावीक रात्री खोली वापरण्याचा करार. दरसालची वर्गणी वेगळी.

म्हणजे पॉइंट हा पैसा नव्हे, खोली आहे. आपल्या सवलतीच्या साखरेचेच उदाहरण घ्या. साखर कार्डावर सभासदाला सवलतीत साखर मिळते, हा त्याचा हक्क. पण तेच कार्ड घेऊन कापडाच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "याच्यावर लुगडे द्या", तर कार्डाची किंमत कोण ठरवणार? दुकानदार! पॉइंटांवर सहल मागितली की नेमके हेच होते. खोली कंपनीची स्वतःची असते. विमान, बस, जेवण, व्हिसा, सोबतचा माणूस हे सारे मात्र तिला दुसऱ्याकडून रोख पैसे मोजून घ्यावे लागते. त्यामुळे तुम्ही पॉइंटाला काय मोजले ते ती पाहत नाही, रिकामी खोली तिला केवढ्याला पडते ते पाहते.

हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. मेंबरशिप ४ लाखांची, २५ वर्षांची. म्हणजे वर्षाला १६ हजार. वर्गणी २० हजार. एकूण ३६ हजारांत वर्षाला ७ रात्री. एक रात्र पाच हजारांच्या वर पडली. तीन वर्षांच्या २१ रात्रींना आपण मोजले १ लाख ८ हजार. कंपनीने सहलीसाठी रात्रीला अडीच हजार धरले, तर मिळाले ५२ हजार ५००. दोघांची सहल ६ लाखांची असेल, तर ५ लाख ४७ हजार ५०० रुपये रोख भरायचेच आहेत. मग ती सहल पॉइंटांवर झाली, असे कसे म्हणायचे?

या रकमेला ऊस किती लागतो? २०२५-२६ च्या हंगामासाठी साडेनऊ टक्के किंवा त्याहून कमी उताऱ्याला एफआरपी टनाला ३,२९० रुपये ५० पैसे ठरली होती. त्या भावाने हा सुमारे १६६ टन ऊस झाला, तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. तेवढ्या टनाला आपल्या शेतात किती एकर लागतात, ते ज्याने त्याने मोजावे.

आणखी एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाचा कर आधीच वसूल केला जातो. दर बदलत आले आहेत, तेव्हा भरतेवेळी चौकशी करावी. ही रक्कम आयकर विवरणपत्र भरले तरच वळती होते किंवा परत मिळते. आपले बरेच सभासद नुसत्या शेतीच्या उत्पन्नावर असल्यामुळे विवरणपत्र भरतच नाहीत. त्यांचा पैसा सरकारकडेच पडून राहील.

सुट्टीच्या नावाखाली काय होऊ शकते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलच्या रात्री विकल्या. रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर रक्कम मिळेल, असे सांगितले. एजंट नात्यातले, गावातले. ३१ जुलै २०१४ रोजी सेबीने नवे पैसे घेण्यास मनाई केली आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजी पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम ७,०३५ कोटी, गुंतवणूकदार ५१ लाखांवर! आदेश निघाला, पण लोकांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. सगळ्याच कंपन्या तशा आहेत असे आम्ही म्हणत नाही. सरळ व्यवहार करणाऱ्याही आहेत. पण सुट्टी वेगळी आणि ठेव वेगळी, हे ज्याने ओळखले नाही तो फसला.

आता आमचे मत. पॉइंट आधीच घेतलेले असतील आणि मुदत संपून वाया जाणार असतील, तर जरूर वापरा. पण शक्यतो खोलीसाठीच. मुलाबाळांना घेऊन चार दिवस डोंगरावर, नाहीतर समुद्रकाठी राहून या. सहलीलाच वापरायचे असतील, तर आधी तीच सहल रोखीने केवढ्याला मिळते ते दोन ठिकाणी विचारा. पॉइंटांचे किती रुपये धरले, रोख किती भरायचे आणि सहल रद्द झाली तर पॉइंट परत मिळतात की नाही, हे लेखी घ्या. "आजच सही करा" म्हणणाऱ्याला "उद्या येतो" म्हणा. फसवणूक झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. त्यासाठी मुंबईला जाण्याचे काम नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो.

आणि ऊसबिलाचे? अशा मेंबरशिपची वा सहलीची कपात कारखान्याने ऊसबिलातून करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकदा कपात सुरू झाली की एजंट गावोगाव सांगत फिरेल, "कारखान्याची हमी आहे." हमी कोणीच दिलेली नसेल, पण नाव आपल्या सर्वांचे जाईल. ज्यांना जायचे आहे अशा दहा-वीस सभासदांनी एकत्र यावे, बँकेत ज्याच्या त्याच्या नावाने दरमहा रक्कम टाकावी आणि दोन-तीन वर्षांनी रोख पैशाने, भाव करून, मिळून जावे. आपला मोठा कारखाना थेंबे थेंबे भागभांडवल जमवून उभा राहिला. एक सहल उभी राहणार नाही काय?

ते जुने सभासद परवा पुन्हा भेटले. मुलाने कंपनीकडे लेखी हिशेब मागितला आहे, म्हणाले. अजून उत्तर आलेले नाही. उत्तर येईपर्यंत सही करायची नाही, असे बापलेकांनी ठरवले आहे. आम्हांस ते योग्य वाटते. सुज्ञ सभासदांस अधिक सांगणे न लगे.