‘सकारात्मक राहा’ म्हणणाऱ्यांना

साथीच्या काळात मन सांभाळणे ही ज्याची त्याची जबाबदारी, हे मत कोविडपासून आपल्याकडे चांगलेच रुजले आहे. बातम्या कमी पाहा, प्राणायाम करा, छंद जोपासा, सकारात्मक राहा. सल्ला वाईट नाही. दीर्घ श्वसनाने धडधड कमी होते, हे मीही मानतो. पण ज्याला वेगळी खोली आहे आणि महिन्याचा पगार चालू आहे, त्याला तो पेलतो. तेवढ्यावर साऱ्या जनतेची बोळवण करणे म्हणजे सरकारने आणि समाजाने हात झटकणे.

जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मे २०२० मध्ये भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाले. थकून रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीने त्यांतल्या १६ जणांना चिरडले. मनोधैर्यात हे लोक कुठे कमी होते? एवढी वाट पायी तुडवायला निघणारा माणूस कच्च्या मनाचा नसतो. कमी होती ती मजुरी आणि गाडीची खात्री.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या झाल्या. त्यांत जवळपास चौथा हिस्सा रोजंदारीवरच्या माणसांचा. कोणी म्हणेल, हा हिस्सा साथीच्या आधीपासूनच वाढत होता. वाढतच होता, आणि आत्महत्येला एकच एक कारण नसते, हेही खरे. पण ज्यांचा भार आधीच वाढत होता, त्यांचीच कमाई टाळेबंदीने एका रात्रीत थांबवली, याला काय म्हणायचे?

‘आधी जीव वाचवा, मनाचे नंतर बघू,’ हा दुसरा युक्तिवाद. ऐकायला रास्त वाटतो, पण टिकत नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात विलगीकरणातल्या माणसांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईचे शिक्के मारले गेले. हेतू साथ रोखण्याचा, मान्य. पण हातावरचा शिक्का आधी शेजाऱ्यांना दिसतो. अशी बदनामी वाट्याला येणार असेल तर माणूस ताप लपवतो, आणि लपवलेल्या तापातून साथ पसरते. भीती हाताळणे हा साथ नियंत्रणाचाच भाग आहे.

मग करायचे काय? टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात रेशन आणि हातात रोख पैसे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाशी घरच्यांचे रोज बोलणे व्हावे, मृताचे दर्शन सुरक्षित अंतरावरून का होईना, मिळावे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ताप आणि प्राणवायू मोजायला दारोदार गेल्या. त्याच दारात ‘झोप लागते का? घरात खायला आहे का?’ असे विचारता येते, फक्त उत्तर पुढे पोचवायची सोय हवी. आणि आशांना नीट मानधनही; जून २०२१ मध्ये, ऐन साथीत, त्यांना त्यासाठी संपावर जावे लागले, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे. हेल्पलाइन हवीच, टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक घरोघरी ठाऊक असावा. पण फोनवरचा समुपदेशक थकलेले भाडे भरू शकत नाही.

यातले काहीच उपकार म्हणून मागायचे नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या २९व्या कलमाने मानसिक आरोग्याच्या संवर्धनाचे कार्यक्रम आखणे आणि राबवणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. तुमच्या जिल्ह्याच्या साथ आराखड्यात त्यासाठी काय तरतूद आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा. पुढची साथ यायच्या आत विचारा.