व्यासपीठाच्या तीन पायऱ्या

वर्धापनदिन म्हटला की आपल्याकडे सगळे ठरलेले असते. समई, ईशस्तवन, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांची तासभर वाट. काही महिन्यांपूर्वी अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या रौप्यमहोत्सवाला गेलो होतो. सारा गाव लोटला होता. कोणी तांदूळ दिले होते, कोणी नारळ, भजनी मंडळाने पेटी-तबला आणला होता. सगळे मनापासून.

बक्षिसे सुरू झाली. चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी व्यासपीठापाशी आली. व्यासपीठाला तीन पायऱ्या. पाहुणे वाकले, बक्षीस खालीच दिले, टाळ्या पडल्या. पंचवीस वर्षे ज्या मुलांसाठी संस्था चालली, त्यांच्यासाठी एक उतरती फळी लावावी, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही. मीही टाळ्याच वाजवल्या.

परतताना नसीमा हुरजूक यांची आठवण झाली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. सोळाव्या वर्षी पायांतली शक्ती गेली. स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून उद्योग सांभाळणारे बाबूकाका दिवाण भेटले आणि जगण्याची दिशा मिळाली. पुढे त्या कोल्हापुरात केंद्रीय अबकारी खात्यात नोकरीला होत्या, म्हणजे आम्हां कारकुनांच्याच पंगतीतल्या. १९८४ साली सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. २०२४ साली तिला चाळीस वर्षे झाली.

या चाळीस वर्षांतले मला काय मोठे वाटते? ‘घरौंदा’ हे वसतिगृह तर खरेच. पण त्याहून मोठी वाटते ती अपंग आणि धडधाकट मुलांना एकाच वर्गात बसवणारी शाळा. आणि आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात अपंगांच्या हातांना काम देण्यासाठी उभा केलेला काजूप्रक्रियेचा कारखाना. काजू आम्हां गोवेकरांना शिकवायला नको. गर अख्खा आहे की तुकडा, एवढेच गिऱ्हाईक बघते. सोलणाऱ्याचे पाय कसे आहेत ते विचारत नाही. तिथे दया संपते आणि मजुरी सुरू होते. संस्थेचे यश मोजायचे ते इथे.

आपण मात्र नावे बदलण्यात पटाईत. अपंगांचे दिव्यांग झाले, पायऱ्या होत्या तिथेच राहिल्या. २०१६ चा कायदा म्हणतो, नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा कराव्यात. नियम २०१७ साली निघाले. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट भरला, देशभरातून माणसे आली, अभिमान वाटला. पण उत्सव तीन दिवसांचा, सरकारी ऑफिस बारा महिन्यांचे.

हे मी कोणत्या तोंडाने लिहितो? मागे एकदा कुबड्या घेतलेले एक गृहस्थ आमच्या पहिल्या मजल्यावर धापा टाकत चढून आले. कागद एक कमी होता. मी मान वर न करता म्हणालो, “फाल्यां येयात.” ते काही बोलले नाहीत. उतरताना कुबड्यांचा आवाज मात्र पायरीपायरीला ऐकू येत राहिला. एक फोन करून तो कागद मला मागवता आला असता. आता अशा माणसासाठी मीच खाली उतरतो. यात मोठेपणा नाही. वीस पायऱ्या, मला दोन मिनिटे लागतात.

तेव्हा पुढच्या महोत्सवाची निमंत्रणे छापण्याआधी व्यासपीठाची पायरी बघा. आणि महोत्सव नसेल, तर आपल्या गावचे वाचनालय, पंचायत, देवळाचा सभामंडप बघा. पायऱ्या किती आहेत, ते एकदा मोजाच.